आधी द्रव मोजा, मग पेशी

इथे प्लाझ्मा म्हणजे रक्तातला प्लाझ्मा नव्हे. आर्गॉन किंवा हेलियमसारख्या वायूला उच्च व्होल्टेज दिलं की त्याचे काही अणू विद्युतभारित होतात, आणि पेनाएवढ्या उपकरणाच्या टोकाला निळसर जांभळी ज्योत दिसू लागते. तिचं तापमान ४० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे क्षणभर बोट धरलं तर भाजत नाही. म्हणून तिला थंड प्लाझ्मा म्हणतात. ही ज्योत काही मिनिटं एखाद्या द्रवावर धरायची आणि नंतर तो द्रव कर्करोगाच्या पेशींवर घालायचा, हे माझं काम. ज्योत पेशींना लागतच नाही. जे काही होतं ते त्या द्रवात उतरलेल्या रसायनांमुळे.

२०११ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या हिरोमासा तानाका, मासारू होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की असा द्रव ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या पेशी मारतो आणि मेंदूतल्या निरोगी आधारपेशींना तुलनेने सोडून देतो. दोन वर्षांनी तिथूनच उंदरांवरचं काम आलं. त्यात औषधांना दाद न देणाऱ्या बीजकोशाच्या कर्करोगाच्या गाठी या द्रवाने कमी वाढल्या. मी या विषयाकडे ओढले गेले ती दुसऱ्या शोधनिबंधामुळे. ज्योत फक्त पृष्ठभागावर चालते. पोटाच्या आतल्या पडद्यावर बारीक दाण्यांसारखा पसरलेला कर्करोग ज्योतीला गाठता येत नाही, द्रवाला येतो.

पुण्यात आमच्याकडे भौतिकशास्त्राची मुलं येतात, तशी बायोटेकची आणि फार्मसीचीही येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना जे सांगते ते इथे लिहिते आहे.

१. द्रवात काय आहे हे मोजल्याशिवाय पेशींची प्लेट बाहेर काढू नका.

नव्या मुलांना पेशी मरताना बघायची घाई असते. ती समजण्यासारखी आहे, पण पेशी कशाने मेल्या हे सांगता आलं नाही तर त्या मेल्या याला अर्थ उरत नाही. किमान तीन गोष्टी मोजायच्या: हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट आणि नायट्रेट. सोबत सामू, म्हणजे पीएच.

पेरॉक्साइडसाठी आम्ही टायटॅनियम ऑक्सिसल्फेट वापरतो. पाण्यासारख्या स्वच्छ नमुन्यात ते टाकलं की लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग येतो, आणि त्याची तीव्रता ४०७ नॅनोमीटरवर वाचता येते. नायट्राइटसाठी ग्रीस अभिकर्मक. त्याचा गुलाबी रंग ५४० नॅनोमीटरच्या आसपास वाचायचा. नायट्रेट ग्रीसला थेट दिसत नाही, आधी त्याचं नायट्राइटमध्ये रूपांतर करावं लागतं.

एक खाचखळगा इथेच आहे. टायटॅनियमचं अभिकर्मक आम्लात असतं, आणि आम्लात नायट्राइट पेरॉक्साइडला खाऊन टाकतं. म्हणजे मोजण्याच्या क्रियेतच मोजायची वस्तू नाहीशी होते आणि रीडिंग कमी येतं. त्यासाठी नमुन्यात आधी सोडियम अझाइड घालतात, ते नायट्राइटचा काटा काढतं. पण अझाइड आणि आम्ल एकत्र आले की हायड्रॅझोइक आम्लाची विषारी वाफ निघते, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच व्हायला हवं. पेरॉक्साइड मोडणाऱ्या कॅटलेज या विकरालाही अझाइड बंद पाडतं. ज्या नमुन्यावर चौथ्या मुद्द्यातला कॅटलेजचा कंट्रोल करायचा आहे त्यात ते चुकूनही जाता कामा नये.

२. कोण किती वेळ जगतं, हे पाठ असू द्या.

ज्योतीत आणि द्रवाच्या पृष्ठभागावर पुष्कळ काही तयार होतं: हायड्रॉक्सिल मूलक, अणुरूप ऑक्सिजन, सिंग्लेट ऑक्सिजन, सुपरऑक्साइड, नायट्रिक ऑक्साइड, ओझोन. शोधनिबंधांतल्या आकृत्यांत ही सगळी नावं बाणांसह दाखवलेली असतात, आणि ती सगळीच पेशीपर्यंत पोहोचतात असा समज होतो. हायड्रॉक्सिल मूलक पेशीच्या आसपासच्या गर्दीत काही नॅनोसेकंद टिकतो. पाण्यातला सिंग्लेट ऑक्सिजन काही मायक्रोसेकंद. ज्योत बंद करून बाटली हातात घेऊन इनक्युबेटरपर्यंत जाता जाता यांतलं काहीच शिल्लक राहत नाही. उरतात ते पेरॉक्साइड, नायट्राइट, नायट्रेट, आणि द्रवात आधीपासून जे सेंद्रिय पदार्थ होते त्यांचे बदललेले अवशेष.

मग अल्पायुषी घटकांना काही कामच नाही का? आहे, पण ते पुन्हा जन्माला यावे लागतात. आम्लधर्मी द्रवात पेरॉक्साइड आणि नायट्राइट एकत्र आले की पेरॉक्सिनायट्रस आम्ल बनतं, आणि ते मोडताना हायड्रॉक्सिल मूलक आणि नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतात. बफर नसलेल्या शुद्ध पाण्यावर ज्योत धरली तर सामू ३ च्या जवळ उतरतो आणि तिथे ही क्रिया जोरात चालते. ७.४ वर बांधलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषकद्रवात, ती फार मंद असते. म्हणून पाण्यातल्या निष्कर्षांवरून मीडियमबद्दल बोलू नये, आणि मीडियमवरून शरीराबद्दल तर नाहीच.

फ्रायबुर्गच्या गेऑर्ग बाउअर यांचं एक प्रतिपादन मला फार विचारप्रवर्तक वाटतं. त्यांच्या मते अनेक कर्करोगपेशी आपल्या बाहेरच्या आवरणावर कॅटलेजची तटबंदी बाळगतात. द्रवातल्या पेरॉक्साइड आणि नायट्राइटपासून थोडासा सिंग्लेट ऑक्सिजन पेशीजवळच तयार होतो, त्याने काही कॅटलेज निकामी होतं, आणि मग पेशी स्वतःच निर्माण करत असलेल्या घटकांचा मारा तिच्यावरच उलटतो. हे सर्वत्र असंच घडतं असं मी म्हणणार नाही. पण निवडकपणाचं कारण द्रवात शोधण्याऐवजी पेशीच्या स्वभावात शोधायला ही कल्पना लावते, आणि मला ती दिशा बरोबर वाटते.

३. मीडियमच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

या एका मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते.

पेशी ज्या पोषकद्रवात वाढवतात त्याला मीडियम म्हणतात. डीएमईएम आणि आरपीएमआय १६४० ही दोन नेहमीची नावं. डीएमईएमच्या बऱ्याच प्रकारांत सोडियम पायरुव्हेट असतं, लिटरमागे ११० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १ मिलिमोलर. नेहमीच्या आरपीएमआयमध्ये ते नसतं. आता पायरुव्हेट आणि पेरॉक्साइड समोरासमोर आले की त्यांचं ॲसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, एकास एक प्रमाणात. आमच्या पेनाएवढ्या उपकरणासारख्या जेटने काही मिलिलिटर द्रवात पेरॉक्साइड तयार होतं ते काही दहांपासून काही शे मायक्रोमोलरपर्यंत. १ मिलिमोलर म्हणजे १००० मायक्रोमोलर. म्हणजे बाटलीतलं पायरुव्हेट सगळं पेरॉक्साइड गिळूनही शिल्लक राहू शकतं.

याचा परिणाम काय होतो ते बघा. कर्करोगाची पेशी आरपीएमआयमध्ये वाढवली, निरोगी पेशी पायरुव्हेट असलेल्या डीएमईएममध्ये वाढवली, दोन्ही मीडियमवर सारखाच वेळ ज्योत धरली आणि आपापल्या पेशींवर घातली. कर्करोगाच्या पेशी मेल्या, निरोगी वाचल्या. आलेख देखणा दिसतो, मथळाही तयार असतो: प्लाझ्मा निवडून मारतो. पण इथे निवड पेशीने केलेली नाही, मीडियमने केली आहे. हीच प्लेट मीडियमची अदलाबदल करून पुन्हा लावली तर निकाल उलटाही येऊ शकतो. अँटवर्पच्या गटाने २०१९ मध्ये पेशीप्रकार आणि मीडियम यांचा निवडकपणाच्या निष्कर्षावर किती प्रभाव पडतो हे व्यवस्थित मांडलं. माझ्या टेबलावर त्या निबंधाची प्रत कायम असते. नवीन मुलांना मी तोच आधी वाचायला देते.

मीडियममध्ये मिसळतात त्या सिरमचंही तेच. त्यातली प्रथिनं आणि गंधकयुक्त अमिनो आम्लं क्रियाशील घटक टिपून घेतात. सिरम ज्योतीच्या आधी घातलं की नंतर, याने निकाल बदलतो. म्हणून वहीत 'मीडियम वापरलं' एवढं लिहून चालत नाही. कंपनीचा कॅटलॉग क्रमांक, पायरुव्हेट आहे की नाही, सिरम किती टक्के आणि कोणत्या टप्प्यावर घातलं, हे सगळं यायला हवं. एकाच नावाच्या मीडियमच्या दोन बाटल्या वेगळ्या असू शकतात. आणि तुलना करायचीच असेल तर दोन्ही पेशी, निदान उपचाराच्या त्या तासांपुरत्या, एकाच द्रवात ठेवा.

४. प्लाझ्माला पेरॉक्साइडशी सामना खेळू द्या.

प्रत्येक प्रयोगात दोन कंट्रोल हवेत. पहिला: ज्योत दिलेल्या द्रवात कॅटलेज घालून मग तो पेशींवर घालायचा. पेशी वाचल्या तर मारणाऱ्यांत पेरॉक्साइड होतं हे कळतं. सोबत उकळून निकामी केलेलं कॅटलेजही लावायचं, कारण कुठलंही प्रथिन थोडंफार टिपून घेतंच. दुसरा कंट्रोल: ज्योत न लावता, मोजून काढलेल्या प्रमाणात पेरॉक्साइड, नायट्राइट आणि नायट्रेट मिसळून, त्याच सामूवर बनवलेला नकली द्रव.

या दुसऱ्या कंट्रोलची या क्षेत्रात अनेकांना धास्ती वाटते, कारण बऱ्याच मीडियममध्ये नकली द्रव जवळपास तितक्याच पेशी मारतो. मग महागडं उपकरण कशाला, औषधाच्या दुकानातली पेरॉक्साइडची बाटली काय वाईट, असा प्रश्न येतो. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याला सामोरं जायला हवं. कंट्रोल गाळून तो टळत नाही.

आणि सामोरं गेल्यावर हाती काही लागतंही. नागोयाच्या गटाने पुढे मीडियम सोडून रिंगर्स लॅक्टेट घेतलं, म्हणजे आपल्याकडे कुठल्याही वॉर्डात स्टँडवर लटकणारं 'आरएल'. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की त्यातल्या चार क्षारांपैकी लॅक्टेट हा कळीचा घटक आहे. ज्योतीने लॅक्टेटपासून नवे सेंद्रिय पदार्थ बनतात. त्यांतलं २,३-डायमेथिलटार्टरेट त्यांनी नंतर ओळखून काढलं, आणि ते ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींवर परिणाम करतं हेही दाखवलं. दुकानातल्या पेरॉक्साइडच्या बाटलीत हा पदार्थ नसतो. शिवाय मीडियम रुग्णाच्या शरीरात घालता येत नाही, आरएल आधीपासूनच घातलं जातं. म्हणून या विषयातलं पुढचं खरं काम आरएलमध्ये आहे असं माझं ठाम मत आहे, आणि आमच्याकडे मीडियमवरचे प्रयोग मी आता कमी करत आणले आहेत.

५. 'तीन मिनिटं प्लाझ्मा' हा डोस नव्हे.

मिनिटं म्हणजे बटण किती वेळ दाबलं ते. द्रव किती मिलिलिटर, भांड्याचं तोंड किती रुंद, टोक पृष्ठभागापासून किती मिलिमीटर, वायूचा प्रवाह मिनिटाला किती लिटर, यांतलं एक बदललं तरी पेरॉक्साइड बदलतं. मिनिटाला तीन लिटर आर्गॉन पृष्ठभागावर फुंकला की पाणी उडून जातं आणि उरलेला द्रव आपोआप घट्ट होतो. भांडं आधी आणि नंतर तोला, आणि जेवढं वजन घटलं तेवढं ऊर्ध्वपातित पाणी परत घाला.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. ग्राइफ्सवाल्डच्या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवलं होतं की वायूतल्या ओलाव्याच्या अंशानेही जेटचं रसायन आणि पेशींवरचा परिणाम बदलतो. सिलिंडर कितीही शुद्ध असला तरी प्लास्टिकची नळी रात्रभर हवेतला ओलावा शोषते. पुण्यात जुलैमध्ये भिंतींना हात लावला तरी दमट लागतात, तेव्हा नळीचं काय होत असेल ते सांगायला नको. सकाळचा पहिला नमुना पेरॉक्साइडने भरलेला येतो आणि दुपारपर्यंत आकडे उतरत जातात. आमचा रिवाज असा: आधी ज्योत न पेटवता बराच वेळ नुसता वायू सोडायचा, मग साध्या पाण्याचे नमुने करून टायटॅनियमचा पिवळा स्थिर येतो का बघायचं, आणि तो स्थिर आला की कामाला लागायचं. खोलीतली आर्द्रता वहीत रोज लिहिली जाते.

पेशींची संख्याही डोसचा भाग आहे. प्लेटच्या एका वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, ५,००० पेशी असतील तर जे पेरॉक्साइड सगळ्यांना मारतं, तेच ५०,००० पेशींना नुसतं चाटून जातं, कारण त्या मिळून ते पचवतात. आणि अपुरा डोस निरुपद्रवी नसतो. अर्धवट मार खाल्लेली पेशी आपली प्रतिकारयंत्रणा वाढवून उभी राहते.

६. साठवण.

शक्यतो ताजं वापरा. ठेवायचंच तर उणे ८० अंशांवर. साध्या फ्रिजमध्ये, अगदी उणे २० च्या फ्रीझरमध्येही, मीडियममधली सिस्टीन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं आपलं काम चालू ठेवतात आणि द्रवाचा जोर ओसरतो. वितळवल्यावर पुन्हा मोजा.

७. रक्ताचा एक थेंब टाकून बघा.

हा प्रयोग मी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करायला लावते. ज्योत दिलेलं ताजं आरएल दोन नळ्यांत घ्या. एकीत तसंच टायटॅनियम घाला, पिवळा रंग येतो. दुसरीत आधी पातळ केलेल्या रक्ताचा एक थेंब टाका, थोडं थांबा, पेशी खाली बसवून वरचा स्वच्छ द्रव घ्या आणि मग टायटॅनियम घाला. पिवळा येत नाही. लाल रक्तपेशी कॅटलेजने गच्च भरलेल्या असतात, पेरॉक्साइडचा निकाल त्या बघता बघता लावतात.

शस्त्रक्रियेनंतर पोटात आरएल ओतायचं स्वप्न आपण बघतो, तेव्हा तिथे रक्त असणारच आहे. जलोदराचं पाणी असेल, त्यात प्रथिनं असतील. प्लेटमधली पेशी एका थरात उघडी पडलेली असते, पोटातली गाठ अनेक थरांची असते आणि आतल्या थरांपर्यंत हे घटक झिरपत नाहीत. एका सर्जनशी याबद्दल बोलणं झालं तेव्हा त्यांनी विचारलं: किती लिटर लागेल, किती वेळ आत ठेवायचं, बाहेर काढायचं की राहू द्यायचं, आणि आतड्याच्या आवरणाला काय होईल. चारही प्रश्न आमच्या प्लेटमध्ये कधी उद्भवलेच नव्हते. तेव्हापासून आमच्याकडे पेशींचे गोळे आणि रक्त मिसळलेले नमुने हा प्रयोगाचा नेहमीचा भाग आहे. बार्सिलोनात क्रिस्तिना कनाल यांचा गट वेगळ्या वाटेने याच अडचणीशी झुंजतो आहे. हाडांच्या कर्करोगासाठी ते हे घटक जेलमध्ये धरून ठेवतात, म्हणजे ते जागेवर राहतील आणि हळूहळू सुटतील. मला त्या कामातून फार आशा वाटते.

८. रुग्णाच्या घरच्यांचा फोन आला तर.

येतोच. कुणीतरी बातमी वाचलेली असते, कुणाच्या तरी आईचा तिसरा केमो चालू असतो. त्यांच्याशी बोलायला वेळ काढा आणि जे आहे ते सरळ सांगा. ज्योत थेट लावायच्या उपचाराची काही पावलं पडली आहेत. जर्मनीत किनपेन मेड या उपकरणाला २०१३ मध्ये मान्यता मिळाली ती न भरणाऱ्या जखमांसाठी. ग्राइफ्सवाल्डला डोकं आणि मानेच्या चिघळलेल्या गाठींवर ते वापरलं गेलं, तिथे काही रुग्णांना दुर्गंधी आणि जंतुसंसर्ग कमी होऊन आराम पडला. अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या जागेवर ज्योत फिरवण्याची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. द्रवाचं काम मात्र मुख्यतः पेशी आणि उंदरांवरचं आहे. आज त्यांच्या आईला देता येईल असं त्यातलं काही नाही.

हे सांगताना घशात आवंढा येतो, तरी सांगायचं. यानंतर हमखास पुढचा प्रश्न येतो: मग पेरॉक्साइडचे थेंब पाण्यातून दिले तर? त्याला ताबडतोब आणि स्पष्ट नाही म्हणा. पेरॉक्साइड पोटात गेलं तर अन्ननलिका आणि जठर भाजतं, आणि त्यातून सुटलेला ऑक्सिजन रक्तवाहिनीत बुडबुड्यांच्या रूपाने शिरून जीवावर बेतू शकतं. प्लेटमध्ये जे मायक्रोमोलर आहे त्याचा पिण्याशी काही संबंध नाही.

शेवटी फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगते. चालू असलेले उपचार थांबवू नका, आणि मनात काही आलं तर आधी तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. कुणी प्लाझ्माच्या चाचणीत घेतो म्हणालं तर सीटीआरआय या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या प्रत्येक चाचणीची त्या नोंदवहीत नोंद व्हावी लागते, आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येते. आणि चाचणीतल्या उपचारासाठी पैसे मागितले, तर सही करू नका.